कमलचा स्पीकर बंद झाला तेव्हा

मंडळी, आज छाती अशी फुगली आहे की घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

डोणगावजवळच्या आमच्या जुन्या दगडी बारवेत एका कलाकार पोरीनं गाणं मांडलं आहे. आमच्या भजनी मंडळातल्या वीस बायकांचे आवाज तिनं एकेक करून टिपले अन् पायऱ्यांवर प्रत्येकीचा स्पीकर वेगळा ठेवला. मधात उभं राहिलं की चारही बाजूंनी गाणं अंगावर येतं.

आमची सौ. कमल तीस वर्षांपासून मागं बसून झील धरते. म्हणजे पुढं बसून गाणाऱ्या गोदाबाईंनी ओळ म्हटली की हिनं सूर लांबवायचा. आज आपल्या स्पीकरजवळ कान नेऊन स्वतःचा आवाज एकटा ऐकला अन् ती लाजली. पोरीला म्हणाली, "माहा डबा बंद करून टाक व माय. साऱ्यायचं गाणं नासून राह्यलं."

पोरीनं बंद केला.

टिन उडालेल्या घरासारखं गाणं उघडं पडलं. वरच्या पायरीवरून खुद्द गोदाबाई ओरडल्या, "काऊन व, कमल कुठी गेली? लावा पयले तिले! मी एकटीच लटकून राह्यली ना!"

सारी बारव हसली. स्पीकर पुन्हा लागला. कमल तोंडाला पदर लावून तिथंच बसली, शेवटपर्यंत उठली नाही.

खरं सांगतो, इतकी वर्षं भजनाहून आलो की मी हिलाच म्हणायचो, "काय गातात गोदाबाई!" ही हो म्हणायची अन् चहा ठेवायची.

तुमच्या घरी झील कोण धरतं? खाली नाव लिहा. पहिलं मी लिहितो: कमल.