इंग्लंडच्या वाटणीत अडकलेला पाळणा

आमच्या शेडमध्ये भुसा रोज झाडतात. संध्याकाळी जमीन दिसते, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा घोट्याएवढा भुसा. किश्श्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम जमवत नाही, काम चाललं की साचतात. मी कमी बोलणारा माणूस, शाळाही चौथीपर्यंतच. पण रंधा मारताना कान रिकामेच असतात की!

कोलशेतला खाडीच्या अंगाला आमची शेड आहे. परदेशी जाणाऱ्या फर्निचरसाठी आम्ही लाकडी खोकी बनवतो. मालक विनूशेठ. मी मेस्त्री, कोपरीहून येतो. कागदपत्रं बघायला डोंबिवलीचे जोशी. आणि टेबलखुर्च्यांना फोम गुंडाळून खोक्यात बसवायला हिराबाई, इथल्याच कोळीवाड्यातली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडचा टॉम. आपलं फर्निचर त्याच्या गोडाऊनमध्ये उतरतं आणि तिथून तो ते आजूबाजूच्या देशांत विकतो.

इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडलं, तेव्हा विनूशेठनी जोशींना विचारलं, "आपल्याला काय फरक पडतो हो?"

"शेठ, भाऊ वेगळा झाला," जोशी म्हणाले. "इतके दिवस एक चूल होती. आता या घरातून त्या घरात वाटीभर साखर द्यायची, तरी पावती फाडायची."

"साखरेची पावती?"

"आणि वाटीची वेगळी!"

* * *

आम्ही हसलो, पण वाटीचं खरंच निघालं.

लाकडात कीड असते. म्हणून परदेशी जाणारं खोकं आधी भट्टीत तापवायचं, मग त्यावर शिक्का मारायचा, असा नियम आहे. आमच्या खोक्यांवर शिक्का असतोच. इंग्लंडातल्या खोक्यांना मात्र शेजारच्या देशात जायला इतकी वर्षं शिक्का लागत नव्हता. घरातल्या घरात कोण शिक्का बघतो? वाटणी झाली आणि टॉम पुढे माल ज्यात पाठवायचा ती त्याची तिकडची खोकी बंदरावर अडायला लागली. आतलं टेबल पास, खोकं नापास!

त्याने विनूशेठना फोन केला. "तुमची खोकी पाठवा."

"आत काय भरू?"

"काही नको. नुसती खोकी."

विनूशेठ दिवसभर विचारात होते. कोलशेतहून इंग्लंडला रिकामी खोकी! शेवटी ती तयार झाली, भट्टीतून निघाली, शिक्के बसले. मग जोशी माझ्याकडे आले. "काका, वाटेत यांना ओरखडे पडायला नकोत. कशात पॅक करणार?"

मी म्हटलं, "खोक्यात."

जोशी वरमले. पण खरंच तसं करावं लागलं!

* * *

आमची भट्टी म्हणजे एक बंद खोली आहे. आत गरम हवा सोडतात. लाकूड पोटापर्यंत तापलं पाहिजे.

एका श्रावणात हिराबाईच्या घरचे सुके बोंबील सादळले. उन्हाचा पत्ता नाही. तिने कुणाला न विचारता टोपली आणली आणि भट्टीत एका कोपऱ्यात ठेवली. बाजूला टॉमची खोकी तापत होती. बोंबील असे कुरकुरीत झाले की दुपारी आम्ही सगळ्यांनी खाल्ले. जोशी शाकाहारी, ते बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढे तो माल इंग्लंडच्या बंदरावर उतरला. तिथे वास काढणारे कुत्रे असतात. एक कुत्रा आमच्या खोक्यापाशी आला आणि खाली बसला. बसला म्हणजे काहीतरी संशयास्पद आहे. खोकं उघडलं, आत डायनिंग टेबल. दुसरं उघडलं, तेही डायनिंग टेबल. सगळी खोकी उघडून झाली. टॉमची मेल आली, ती जोशींनी मोठ्याने वाचली. "काहीच सापडलं नाही, पण कुत्रा उठायला तयार नाही. तुम्ही खोक्यांना काय लावता?"

विनूशेठ एकेकाकडे बघत होते. शेवटी हिराबाईच बोलली.

"बसून ठेवलं त्या मुक्या जीवाला! जेवाया तरी घातलं का कोनी?"

* * *

त्यानंतर टॉम स्वतःच आला. उंच, वाळका, पाय न वाजवता चालणारा माणूस. शेडच्या दारात त्याने बूट काढले. भुशात आमच्यापैकी कुणी चप्पल काढत नाही, पण त्याला सांगायचं कुणी? तो मोज्यांनी फिरला. खोक्यांवर टिचक्या मारून बघितल्या. मान हलवली. मला बरं वाटलं.

चहा झाल्यावर हिराबाई जोशींना म्हणाली, "इचार त्याला, येगले का झाले?"

जोशींनी विचारलं. टॉम बोलायला लागला तो बराच वेळ बोलला. हात हलवले, छताकडे बघितलं, एकदा डोळे मिटले. जोशी नुसते येस येस करत होते. तो थांबल्यावर हिराबाई म्हणाली, "काय बोलला?"

"म्हणाला, घरात अर्धे हो म्हणाले, अर्धे नको."

"एवढंच? मंग म्हातारी आई कुनाकडं राहिली?"

जोशी म्हणाले, "हिराबाई, हे देशांचं चाललंय. देशाला आई नसते."

"तू इचार ना रं!"

त्यांनी विचारलं. टॉम आधी खूप हसला. मग कप खाली ठेवला आणि हळू काहीतरी म्हणाला.

"त्याची आई स्पेनमध्ये राहते," जोशी म्हणाले. "युरोपात. म्हणजे पलीकडे."

"बग!" हिराबाई म्हणाली, आणि तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

* * *

हिराबाईची एकुलती मुलगी वैशाली नर्स आहे. ती आणि जावई प्रशांत आयर्लंडमध्ये राहतात. ते एकच बेट आहे, पण तिथे देश दोन. दक्षिणेचा देश युरोपच्या संघात राहिला. उत्तरेचा तुकडा इंग्लंडबरोबर, म्हणजे बाहेर. वैशालीचं घर उत्तरेत, सीमेच्या अगदी जवळ. प्रशांतची फॅक्टरी दक्षिणेत. तो सकाळी देश ओलांडून कामाला जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

वैशालीला दिवस गेले. हिराबाईचा नवरा अर्धांगाने अंथरुणावर, त्याला सोडून ती जाणार कशी? एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली.

"मेस्त्री, पयलं बालंतपन. मना जाता येत नाय. पालना तरी माझ्याकडचा जाऊ दे. बारशाला पोर त्याच्यातच निजलं पायजे."

"करतो," मी म्हटलं. "सुटा करू? स्क्रू काढले की घडी होईल. न्यायला सोपा."

"सुटा नको. पालना काय टेबल हाय? एकसंध कर."

मी सागाचा केला. दोन खांबांची चौकट, त्यात टांगलेला पाळणा, काठ हाताने घासून गोल केलेले. हिराबाई रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन काठावरून तळहात फिरवायची आणि म्हणायची, "अजून थोडा." मी अजून थोडा घासायचो. विनूशेठ म्हणाले, टॉमच्या मालातच चढवा, तो पुढे उत्तरेला पाठवील. टॉमही हो म्हणाला.

पाळणा निघाला त्या दिवशी हिराबाईने खोक्याला हळदकुंकू लावलं. जोशी म्हणाले, "शिक्क्यावर नको हं!"

* * *

पाळणा इंग्लंडला पोचला आणि तिथेच बसला.

त्याचं असं झालं. उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या जमिनीवर फाटक नाही. पूर्वी त्या सीमेवरून फार रक्त सांडलं, म्हणून आता तिथे फाटक लावायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. मग तपासणी करायची कुठे? तर इंग्लंडहून उत्तरेला माल जातो त्या समुद्राच्या वाटेवर, बंदरात.

"दर्यावर?" हिराबाई म्हणाली. "आमच्या खाडीतपन ज्याची त्याची जाल्याची जागा ठरलेली हाय. पन पालना काय मासे पकडतो?"

जोशींनी समजावलं. "त्यांचं म्हणणं असं, की पाळणा एकदा उत्तरेत पोचला की तिथून दक्षिणेत जाईल. मध्ये अडवायला कुणी नाही. म्हणून तो धोक्याच्या मालात धरलाय."

"धोका? पालन्याचा?"

"पलीकडे जाण्याचा धोका."

"आपल्या पायानं जानार हाय का तो?"

जोशींनी मेल लिहिल्या. फोन केले. बंदरावरचा माणूस विचारायचा, हा विकायचा माल आहे की भेट? भेट असेल तर विकायच्या मालाबरोबर का आली? जोशी रात्री घरूनही बोलायचे.

तेवढ्यात वैशालीला मुलगी झाली. हिराबाईने शेडमध्ये पेढे वाटले आणि दिवस मोजायला लागली. बारसं बाराव्या दिवशी. ती जोशींना काही विचारायची नाही. नुसती त्यांच्या टेबलासमोरून जायची, आणि जोशी कागदात डोकं घालायचे.

मग टॉमने एक गोष्ट केली. त्याचा एक ट्रक दक्षिणेतल्या एका फर्निचरच्या दुकानाला जाणार होता. त्याचे सगळे कागद पास होते. त्याने नवे कागद करून पाळणा त्यात चढवला. उत्तरेला जायला धोक्याचा, दक्षिणेला जायला बिनधोक! ते दुकान सीमेच्या पलीकडे, वैशालीच्या घरापासून मोटारीने जवळच. प्रशांतने फक्त तिथून उचलून आणायचा.

* * *

बारशाच्या दिवशी रविवार होता. आम्ही सगळे कोळीवाड्यात हिराबाईच्या घरी जमलो. विनूशेठ, जोशी, मी. फोन तिच्या नवऱ्याच्या उशाशी, त्याला दिसेल असा उभा केला होता. आपली दुपार, तिकडची सकाळ.

आधी दुकानासमोरून बोलणाऱ्या प्रशांतचा चेहरा दिसला. "आई, पाळणा गाडीत मावत नाही."

"खोक्यातनं काढ!"

"काढलाय. तरी नाही मावत. सुटा होत नाही ना! दुकानाची व्हॅन बाहेरगावी गेलीये, आज दुसरी कुठली मिळेना."

हिराबाईने पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याने घशातून काहीतरी आवाज काढला, तिने त्याच्या छातीवर हात ठेवला.

मग फोनमधून वैशालीचा आवाज आला, ती घरून बोलत होती. "आई, रडू नकोस गं. पाळणा येत नाही ना? आम्ही येतो त्याच्याकडे."

फोन बंद झाला. पुन्हा लागला तेव्हा ती मैत्रिणीच्या गाडीत होती, मागे काचेतून धावता रस्ता दिसत होता, आणि वैशालीच्या मांडीवर गुंडाळलेलं बाळ.

"सीमा आली का?" जोशींनी विचारलं.

"गेली की मघाशीच, जोशीकाका! आता पाट्यांवर मैलांऐवजी किलोमीटर आहेत."

"कुणी थांबवलं नाही?"

"कोण थांबवणार?"

दुकान रविवारचं बंद होतं, पण मालकिणीने उघडून ठेवलं होतं. पांढऱ्या केसांची, सशक्त बाई. सोफे आणि कपाटं भिंतीला सारून तिने मधली जागा मोकळी केली होती, आणि तिथे माझा पाळणा. इथून बघतानाही मला त्याचे सांधे ओळखू आले. घट्ट होते.

प्रशांतची बहीणही इथे आली होती; आत्या म्हणून तिने नाव फोनवरूनच ठेवलं. रेवा. मग बाळाला पाळण्याखालून एकीने द्यायचं, दुसरीने घ्यायचं आणि वरून परत करायचं. एका बाजूला वैशालीची मैत्रीण उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, म्हणून ती दुकानाची मालकीणच उभी राहिली. प्रशांतने तिला हातवारे करून समजावलं. ती गुडघ्यावर बसली.

बाळ खालून गेलं. वरून आलं. खालून गेलं. वरून आलं. मग खालून गेलं आणि आलंच नाही. मैत्रीण हात पसरून थांबली होती. पलीकडे ती बाई बाळाला छातीशी धरून हळूहळू डुलत होती. डोळे मिटलेले.

आम्ही वाट बघितली. जोशी माझ्या खांद्यावरून वाकले.

"हिराबाई, माल पलीकडे अडला!"

हिराबाईने फोनवरची नजर काढली नाही.

"अडू दे रं," ती म्हणाली. "निजलीय ती."