पोरगीछाप, वर्ग तीस

आईच्या पापडाच्या पुड्यावर एका लहान मुलीचा चेहरा असायचा. दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी, आणि फोटोवाल्यानं 'हस' म्हटल्यावर हसू दाबताना होतात तसे ओठ. पेणच्या बाजारात गिऱ्हाइकं पोह्याचे पापड मागताना 'पोरगीछाप द्या' असंच म्हणायची. मी आईबरोबर दुकानात गेले की कुणी ना कुणी माझी हनुवटी वर करून विचारायचं, तूच ना गो ती? आई नुसती मान हलवायची. ती मान 'हो' म्हणून हलतेय की 'नाही' म्हणून, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं.

ती मी नव्हते. ती माझी मोठी बहीण, माझ्या जन्माआधीच तापानं गेलेली. शाळेत घालायच्या आधी बाबांनी तिचा एक फोटो काढून घेतला होता, तेवढाच. ती गेल्यावर आई घरात गप्प बसू शकेना. गागोद्याकडच्या आमच्या शेतातलं भात घरी यायचं, त्याचे पोहे कांडून आणून ती पापड लाटत सुटली. आधी शेजाऱ्यांना, मग त्यांच्या मुंबईच्या नातेवाइकांना, मग बाजारातल्या एका वाण्याला. वाणी म्हणाला, पुड्यावर काहीतरी चित्र टाका, लोकांच्या लक्षात राहतं. बाबा शाळेत मास्तर होते. त्यांनी कमळ सुचवलं, समई सुचवली. आईनं डब्यातून तो फोटो काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच तो घेऊन छापखान्यात गेले आणि ठसा करून घेतला.

आमच्या घरात भिंतीवर तिचा फोटो कधीच नव्हता, हार नव्हता, उदबत्ती नव्हती. आणि माजघरात मात्र तिच्या चेहऱ्यांची चळत पडलेली असायची. आई पुडे चिकटवताना प्रत्येक चेहरा वर करून ठेवायची. पालथा पडलेला दिसला तर हातातलं काम टाकून सरळ करायची. रस्त्यात कुणी फेकलेला रिकामा पुडा दिसला की उचलायची, झटकायची आणि पिशवीत घालायची. मलाही ती सवय लागली.

पुढं पनवेलच्या बाजूला कुणीतरी आमच्यासारखेच पुडे काढल्याचं कानावर आलं. आमच्या आळीतले वकीलकाका मुंबईत व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचंच काम करायचे आणि रविवारी पेणला यायचे. त्यांनी बाबांना सांगितलं, चिन्ह नोंदवून टाका. बरीच वर्षं गेली त्यात, पण नोंदणी झाली. घरात बोलताना 'वर्ग तीस' असा शब्द यायला लागला. धान्याचे, पिठाचे पदार्थ त्या वर्गात येतात, म्हणून पापड तिथं. मला हे कुणी समजावलं नव्हतं. मी तेव्हा दुसरीत होते आणि मला वाटायचं की ताई तिसाव्या वर्गात आहे. कुठंतरी एक मोठी शाळा असेल, तिथं इतके वर्ग असतील, आणि ती माझ्या पुष्कळ पुढं निघून गेलेली असेल. मी एकदा बाबांना विचारलंही, ती वर्गात कुणाशेजारी बसते. त्यांनी मला जवळ घेतलं आणि चहा, साखर, तांदूळ, मसाले, असं काहीबाही सांगत राहिले.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट. रोह्याला आईच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही आदल्या दिवशीच गेलो होतो. दुपारी आईला तांदूळ काढायला कोठीच्या खोलीत पाठवलं. ती बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी बघायला गेले. आई कणगीपाशी जमिनीवर बसली होती आणि तिच्या हातात एक पुडी होती. पुडीवर ताई होती. त्याच वेण्या, तेच दाबलेलं हसू. हनुवटीखाली लाल रंगात कवटी आणि दोन हाडं, एखादा दागिना घालावा तशी. वर लिहिलं होतं, उंदीर मारण्याचं औषध.

मी पुडी तिच्या हातातून घेऊ लागले तर ती देईना. आतल्या भुकटीनं तिची बोटं काळी झाली होती. मी तिला मोरीवर नेऊन साबणानं तिचे हात धुतले, पुन्हा धुतले. मांडवात सनई वाजत होती. आईनं लग्नात काही खाल्लं नाही, आणि कुणाला काही सांगितलंही नाही.

पेणला परत आल्यावर रविवारी वकीलकाकांना घरी बोलावलं. त्यांनी पुडी कागदावर ठेवून नीट पाहिली. म्हणाले, पेणचा तो छापखाना बंद पडला तेव्हा त्याचं सामान रोह्याच्या छापखान्यानं घेतलं, त्यात आपला जुना ठसाही गेला असणार. त्यांना कुणाचं चित्र आहे हे काय माहीत. बाबा म्हणाले, पण आपलं चिन्ह नोंदलेलं आहे ना. काकांनी सांगितलं की आहे, पण वर्ग तीसमध्ये. चिन्ह ज्या मालासाठी नोंदवाल त्या मालापुरतं. उंदराचं औषध वर्ग पाचमध्ये येतं, माणसांच्या औषधांबरोबर. बाळांचं अन्नही त्याच वर्गात.

आईनं विचारलं, बाळांचं अन्न आणि हे एकत्र कसं. काका म्हणाले, ही वर्गवारी बाहेरच्या देशांतून आलीय, जगभर अशीच चालते. मग पाचमध्येही नोंदवा, आई म्हणाली. काकांनी समजावलं की त्या वर्गातला माल विकायचा इरादा असावा लागतो, नुसतं अडवून ठेवता येत नाही. फोटोच्या हक्कावरून कोर्टात जाता येईल, पण त्यात किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. त्यापेक्षा माणसाला भेटा.

आईनं सगळे वर्ग वाचून दाखवायला सांगितलं. त्या वेळी चौतीसच होते, फक्त वस्तूंचे. सेवांचे वर्ग फार पुढं आले. काकांकडे एक छोटं पुस्तक होतं. ते इंग्रजीतून वाचत आणि मराठीत सांगत. रंग आणि वार्निश. साबण. वंगणाचं तेल, मेणबत्त्या. चाकू, कात्र्या. आई मान खाली घालून ऐकत होती, आणि मला दिसत होतं की प्रत्येक वस्तूवर ती तो चेहरा ठेवून बघतेय. बंदुका आणि फटाके आले तेव्हा बाबा उठून ओटीवर गेले. दोर, तंबू, गोण्या. खेळण्यांपाशी आई हळूच म्हणाली, हे चाललं असतं. काका पुढं वाचत गेले. दारूशी आले, मग शेवटी तंबाखू आणि काड्यापेट्या. त्यांनी पुस्तक मिटलं.

"म्हणजे ती कुठंपण जाऊ शकते," आई म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात आई आणि मी एसटीनं नागोठण्यावरून रोह्याला गेलो. बाबा आले नाहीत. पुडीवर पत्ता होता. नदीपलीकडं, घरामागं पत्र्याची शेड होती. मालक चाळिशीतला असेल. आधी केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा, मग स्वतःचं सुरू केलेलं. तो हात पुसत बाहेर आला आणि मला बघून जागीच थांबला. कोपऱ्यात एक माणूस पत्र्याच्या पाटीवर अक्षरं रंगवत होता, त्यानंही कुंचला खाली घेतला आणि बघत राहिला. माझ्यासाठी हे नवं नव्हतं. पण पेणात लोक हसायचे. इथं दोघंही घाबरले होते.

आईनं पुडी पिशवीतून काढली आणि सांगितलं, ही माझी मोठी मुलगी. मालकानं माझ्याकडं बोट केलं. आई म्हणाली, ही धाकटी. ती गेली, लहानपणीच.

तो शेडच्या पायरीवर बसला. म्हणाला की छापखान्यात ठसे पडले होते, त्यातला हा बरा वाटला, कॅलेंडरातली पोर असेल असं वाटलं. त्याच्या स्वतःच्या दोन मुली दारातून बघत होत्या, त्यांना त्यानं आत जायला सांगितलं. मग आईला म्हणाला, "बाई, मी बदलतो. पण माझं गिऱ्हाईक वाचत नाय, चित्र बघून मागतं. एकदम दुसरं टाकलं तर ओळखणार नाय. बाईमाणसाचंच चित्र ठेवतो, पण ही पोर ठेवत नाय."

त्यानं शब्द पाळला. त्याच दिवशी माणूस पाठवून छापखान्यातून ठसा आणवला आणि आईच्या हातात दिला. लाकडाच्या तुकड्यावर ठोकलेला जस्ताचा चेहरा, उलटा, डावीकडची रिबीन उजवीकडं. परतीच्या गाडीत आईनं तो मांडीवर धरला होता, वर पदर टाकून. नागोठण्याच्या पुढं मला झोप लागली. जाग आली तेव्हा ती पदराखाली अंगठ्यानं त्याचं कपाळ चाचपत होती.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. पुडीचं प्रकरण तोवर रोह्यात सगळ्यांना कळलं होतं. एक दिवस आईची मावसबहीण आमच्याकडं आली आणि तिनं हसत हसत नवी पुडी दाखवली, म्हणजे आता तरी आईचं समाधान होईल म्हणून. पुडीवर एक तरुण मुलगी होती. साडी नेसलेली, दोन वेण्या पुढं घेतलेल्या. हाडं आणि कवटी आता खाली कोपऱ्यात होती.

ती मी होते. आरशात बघावं तशी. लहानपणी ओटीच्या पायरीवर पडून माझी डावी भुवई मधोमध फाटली होती, ती खूण चित्रकारानं जशीच्या तशी काढली होती. पाटी रंगवणाऱ्या त्या माणसानं एवढ्याशा वेळात मला किती नीट पाहिलं होतं.

मी आईकडं बघितलं. वाटलं, आता ती चिडेल, पुन्हा रोह्याला जायला निघेल, या वेळी माझ्यासाठी. तिनं पुडी उजेडात धरली. बराच वेळ बघितली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं होतं.

"मोठी झाली गो," ती म्हणाली.

मग भुवईवर अंगठा फिरवत म्हणाली, "इथं छपाई जरा चुकलीय."

मी तिथंच, हाताच्या अंतरावर बसले होते. तिनं पुडीतली पूड परसात पुरायला लावली, पुडी धुऊन वाळवली आणि देवघरात ठेवली. त्यानंतर तिनं रस्त्यावरचे रिकामे पुडे उचलणं सोडून दिलं. जेवण नीट जायला लागलं, पापडाचं पीठ कुटताना ती गुणगुणायचीसुद्धा. बाबा एकदा मला एकटीला म्हणाले, ते तुझं चित्र आहे हे मला कळतं. मी म्हटलं, तिला सांगू नका. ते म्हणाले, मी सांगणार नव्हतोच.

माझं लग्न झालं, मी डोंबिवलीला गेले. बाबा गेले. आईच्या हातानं पापड होईनात. नोंदणीची मुदत संपत आली तेव्हा वकीलकाकांच्या मुलाचा फोन आला, नूतनीकरण करायचं का. आता सेवांचेही वर्ग आहेत, हवं असेल तर बघू, असंही तो म्हणाला. मी पेणला जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, मोठी झालीय ती आता, तिला कोण काय करणार. म्हणून नोंदणी सुटली. वर्ग तीसमधून ती गेली, तेव्हा मी कुणाला न सांगता एक दिवस रजा घेतली.

शेवटच्या वर्षात आईला माणसं नीट ओळखू येईनात. मी महिना महिना तिच्यापाशी जाऊन राहायचे. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिनं मागं वळून माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कौतुकानं बघितला आणि विचारलं, "आलीस होय? बरं झालं. आणि तुझी धाकटी बहीण कुठाय?"

"बाहेर गेलीय," मी म्हटलं. "येईल."

"तिला जेवायचं सांगून ठेव," आई म्हणाली, आणि पुन्हा पाठ करून बसली. मी तिची वेणी घातली.