दारूवर नाचणी

समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने ओढायची, डोळ्यात बघायचं आणि म्हणायचं, "पांढरा फटक परलास. जेवतोस का नुसता वास घेतोस?" सगळी इमारत जिला आत्या म्हणायची, तिची ही ओळख करून घ्यायची रीत. कामोठ्यात तिच्या इमारतीत मी बायोलॉजीचे क्लास घेतो. गाळा बघायला गेलो त्या दिवशीच माझी पापणी ओढली गेली.

आत्याचा बाप दारूत गेला, मग भाऊ. भाऊ गेला तेव्हा वहिनी पोटुशी होती. आत्याने तिला नाचणी, अंडी, सुकट इतकं भरवलं की ती बिचारी म्हणायची, "नवरा दारूनं गेला, मी भाकरीनं जानार." पुढे मुलगी झाली आणि वाटी-चमचा तिच्याकडे वळला.

"मास्तर, दारू रगतातना येते का ओ?" आत्याने एकदा विचारलं.

"ओढ येऊ शकते, बाटली येत नाही. पोटात असताना, लहानपणी नीट खायला मिळालं तर मेंदू चांगला घडतो. पण खात्री कसलीच नाही."

शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही. इमारतभर सांगत सुटली, "मास्तर बोलला, नाचणीनं दारू सुटते." शेजारणी नवऱ्यांसाठी पीठ मागायला आल्या.

पोरगी दहावीत असताना माझ्याच क्लासच्या बाथरूममध्ये व्हेप ओढताना सापडली. जिन्यापर्यंत स्ट्रॉबेरीचा वास. आत्या खाली आली, बाकावर बसली आणि मला म्हणाली, "एवडा घातला पोटात, तो गेला कुटं?"



"सगळेच ओढतात," पोरगी पुटपुटली.

"सगल्यांचा बाप तसा मेला नाय."

बाप तापाने गेला, असंच पोरीला आजवर सांगितलेलं. त्या दिवशी आत्याने खरं सांगितलं. रक्ताच्या उलट्या, सुजलेलं पोट, सगळं. मी कोरा फळा पुसत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती पोरीला पनवेलला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. पापणी त्या बाईंचीही ओढली, हे वेगळं सांगायला नको.

गेल्या वर्षी आत्या झोपेतच गेली.

परवा आत्याच्या घरी एका लग्नाची हळद होती. इथल्या हळदीत कुणी पाणी मागितलं तर लोक तब्येत विचारतात. एका काकाने कॉलेजात गेलेल्या त्या पोरीपुढे बिअरचा ग्लास धरला. "घे गो. एकानं काय होतंय?"

"नको, काका," ती शांतपणे म्हणाली. "मला आवडेल, म्हणून."