न मागितलेली सही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या बाबांना तर नाहीच. आता बाबा नाहीत. म्हणजे बघा, माझं धाडस जागं झालं ते केव्हा — ऐकणारा गेल्यावर. माझं धाडस हे असं आहे.

निमित्त अगदी साधं. परवा माझा मुलगा विद्यापीठात जायचं म्हणून बँकेचं खातं शोधत बसला होता. मोबाइलवर चार बँका उघडलेल्या. कुठे किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, कुठे कार्ड फुकट मिळतं, होस्टेलजवळ एटीएम कुणाचं. मधेच मान वर करून म्हणाला, "आई, तुझं पहिलं खातं कुठलं गं? तू कसं निवडलंस?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

मी निवडलं नव्हतं. ते मला शकुनने निवडून दिलं होतं.

शकुन माझ्या वर्गातली. आम्ही भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरमध्ये. ती इंद्रपुरीच्या मागे भाड्याच्या एका खोलीत. माझे बाबा ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, पक्की नोकरी. तिचे वडील त्याच कारखान्यात, पण ठेकेदाराकडे. माल चढवायचा, माल उतरवायचा आणि शनिवारी रोख पैसे घेऊन घरी जायचं. भोंगा दोघांसाठी एकच वाजायचा. दवाखाना, बँक, क्लब, महाराष्ट्र मंडळाचा गणपती — हे सगळं आमच्याकडचं. शाळेत मात्र बाहेरच्या मुलांना थोड्या जागा असत, तशी ती आली होती.

बारावीच्या वर्षी बाबा आम्हा दोघींना गणित शिकवत. रविवारी सकाळी, अंगणात पेरूच्या झाडाखाली खाट टाकून. त्याआधी ते ब्लेडने दोन पेन्सिली तासून ठेवत, एक मला आणि एक तिला. ड्राफ्ट्समनचं तासणं ते, टोक कसं सुईसारखं. तिची गणितं माझ्याआधी सुटायची. बाबा 'वा!' म्हणायचे. मलाही म्हणायचे, नाही असं नाही — पण मला म्हणताना त्यात थोडी समजूत असायची. तुम्हाला हे क्षुल्लक वाटतंय ना? मलाही वाटतं. एवढ्याशा गोष्टीवरून मी जे केलं, त्याची किळस म्हणूनच जास्त येते.

निकाल लागला. तिला माझ्यापेक्षा चांगले पंधरा-वीस मार्क जास्त. दोघींनाही इंदूरला प्रवेश मिळाला आणि बाबांनी परस्पर ठरवूनही टाकलं की होस्टेलला दोघींनी एकच खोली घ्यायची. "शकुन बरोबर आहे म्हणजे मला घोर नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि मी? मी मनात इंदूर कसं रंगवलं होतं, सांगू? तिथे मला कुणी ओळखणार नाही, मी केस कापीन, इंग्रजी बोलेन, वर्गात पहिली येईन. त्या चित्रात आता तेल चोपडलेल्या दोन वेण्या येऊन बसल्या. तिचं ते मोठ्यांदा हसणं, तिचा पोचे पडलेला जर्मनचा डबा. आणि पहिली तीच येणार, हे तर उघडच होतं.

मला तिची किळस येते, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खोटं होतं ते. मला तिची भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणायला लाज वाटते, किळस कशी वरच्या पायरीवर उभं राहून करता येते.

शकुनचं इंदूरला जाणं सरकारी शिष्यवृत्तीवर अवलंबून होतं. मिळाली तर होस्टेल, जेवण, पुस्तकं, सगळं त्यात भागणार. नाही मिळाली तर तिच्या वडिलांनी इटारसीकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. शिष्यवृत्तीचे पैसे थेट बँकेत यायचे, म्हणून अर्जात विद्यार्थ्याचा स्वतःचा खातेनंबर लागायचा, तोही मुदतीच्या आत. ती पोस्टात जाऊन आली — पोस्टाचं चालत नव्हतं. शहरातल्या एका बँकेने भरायला इतके पैसे सांगितले की ती हसतच परत आली. राहिली आमच्या वसाहतीतली शाखा. तिथे विद्यार्थ्यांचं वेगळं खातं होतं, शिल्लक ठेवायची अट नाही. "मंजू, तू भी वही वाला लेना," तिने मला बजावलं. "उसमें पैसा नहीं कटता." मला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबा आहेत म्हटल्यावर मला कशाला माहीत असेल?

फक्त एक अडचण होती. तेव्हा खातं उघडायला त्या शाखेतल्या जुन्या खातेदाराची सही लागे, की ह्या माणसाला मी ओळखतो. इंट्रोड्यूसर म्हणायचे त्याला. शकुनच्या गल्लीत सगळे रोखीवाले, बँकेचं तोंड न पाहिलेले. शाळेच्या बाई सुटीत गावी गेलेल्या. राहिले माझे बाबा, आणि बाबांच्या सहीवर तर निम्म्या वसाहतीची खाती उघडली होती. नवा ट्रेनी आला की लोक त्याला आमच्याकडे धाडत. आई कुरकुरली तर बाबा म्हणत, "सहीला काय पैसे पडतात?"

म्हणून शकुन मला म्हणाली, "अंकल से पूछ लेगी? मुझे सामने बोलने में शर्म आती है."

मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही.

विसरले असं म्हणायची सोय नाही. त्या संध्याकाळी बाबा माझ्या समोरच बसले होते, ताटात आमरस होता, विषय माझ्या इंदूरच्या खर्चाचा चालला होता. एका वाक्याचं काम होतं. मी आमरस आणखी मागून घेतला. वाटी बोटाने पुसून खाल्ली. आजही आमरस जिभेवर आला की मला ती संध्याकाळ आठवते, आणि तरी मी खाते.

दुसऱ्या दिवशी मी शकुनला सांगितलं की बाबा नाही म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर? पण मला ते पक्कं करायचं होतं, जोडावर खिळा ठोकावा तसं. मी म्हटलं, "कह रहे थे, पैसे का मामला है. तुम्हारे घरवालों को ठीक से जानते नहीं."

"अंकल ने ऐसा कहा?"

मी मान हलवली. आणि वर तिचा हात धरून, मैत्रीण ना मी, सांगितलं की त्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस, त्यांना अवघड होईल. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सतरा वर्षांच्या, रोज देवाला दिवा लावणाऱ्या, शहाण्या म्हणून नाव असलेल्या मुलीला हे आपलं आपण सुचलं.

पुढच्या आठवड्यात बाबा मला घेऊन बँकेत गेले. विद्यार्थ्यांचं खातं, शिल्लक ठेवायची अट नाही. बाबा कौतुकाने म्हणाले, "बरी माहिती काढलीस की गं!" मी हसले. आत एक नवा ट्रेनी पोरगा ताटकळत उभा होता, बिहारकडचा, त्याला ओळख द्यायला कुणी नव्हतं. बाबांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं आणि सही ठोकून दिली. "कारखान्यात आलाय ना, मग आपलाच की," म्हणाले. तेव्हाच मला खिडकीतून बाहेर सायकल स्टँडजवळ शकुन दिसली. कुणी ओळखीचं येतंय का बघत ती उभी असणार. आम्हाला पाहून ती निंबाच्या झाडामागे सरकली. बाबांची तिच्याकडे पाठ होती, ते पेनाचं टोपण शोधत होते. मी फक्त 'शकुन' अशी हाक मारली असती तरी पुरे होतं. बाकीचं बाबांनी आपणहून केलं असतं, तिला ओरडून, की वेडे, मला का नाही सांगितलंस?

खिडकी उघडी होती. बाबा त्या पोराला सही देताना तिने पाहिलं असेल का? पाहिलंच असेल. मी त्या खिडकीकडे पाठ करून बसले.

मुदत टळली. शकुन इंदूरला आली नाही. थंडीत तिचं लग्न होऊन ती इटारसीला गेली, हे मला आईच्या पत्रातून कळलं. मी होस्टेलला खिडकीजवळची खाट घेतली, केस कापले. आणि पहिली मुळीच आले नाही — काठावर पास होत गेले.

पण शकुनचं तेवढंच मी केलं असतं तर मी एकाच माणसाची गुन्हेगार झाले असते. बाबांचं काय केलं, ते ऐका.

निकालानंतरही शकुनने रविवारी यायचं ठरलं होतं, पुढच्या वर्षाचं गणित आधीच सुरू करायला. ती येईना. बाबा दोन पेन्सिली तासून बसायचे. "आली नाही का गं शकुन?" मी म्हणायचे, तिला आता गरज वाटत नसेल. आई डाळ निवडता निवडता म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." बाबा तिच्यावर चिडले, असं बोलू नये म्हणाले. पण मग गेटवर शकुनचे वडील भेटले, आणि बाबांनी नमस्कार केला तरी मान वळवून निघून गेले. असं दोनदा-तीनदा झालं. बाबा साधे होते. ज्याच्या त्याच्यासाठी धावणारा माणूस, त्याला कुणी तोंड फिरवलं की तो दुसऱ्याला दोष देत नाही, स्वतःच्या खिशात हात घालून शोधतो. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "माझ्याकडून काही बोललं गेलं का गं त्या पोरीला? तुला काही म्हणाली का?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा. लोक असेच असतात."

आणि पुढे निवृत्त होऊन ते शाहपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, त्यांची दृष्टी अधू झाली, तेव्हाही मी माहेरी गेले की कधीतरी मधेच विचारायचे — त्या शकुनचं काही कळतं का? हुशार होती. का रागावली कोण जाणे. मी दर वेळी मूग गिळून बसले. त्यांना औषध द्यायचे, त्यांची नखं कापायचे, शेजारपाजारी म्हणायचे मुलगी असावी तर अशी. आणि मला ते ऐकायला आवडायचं. हो, आवडायचं! खोटं कशाला बोलू?

बाबा गेले. दहाव्या-बाराव्या दिवशी दारात एक बाई उभी. केस पांढरे व्हायला लागलेले, पण वेणी तशीच घट्ट. शकुन. ती परत भोपाळला आली होती, बाग सेवनिया भागात तिचं शिवणकामाचं दुकान होतं, कुणाकडून तरी तिला कळलं. तिने बाबांच्या फोटोला हात जोडले. आई कोपऱ्यात खुर्चीवर होती, तिला आता कमी ऐकू येतं.

मग शकुन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "अंकल का मैंने कभी बुरा नहीं माना, मंजू. पहले बहुत रोई थी. फिर सोचा, ठीक ही तो था, कैसे साइन कर देते? मैंने तो उन्हें कब का माफ़ कर दिया."

आईने विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"

सांगायला याहून सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळणार होती का? दोघी समोर. फोटो समोर. मी आईच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबांची आठवण येते म्हणतेय."

आणि शकुनकडे वळून म्हटलं, "पापा सुनते, तो उन्हें अच्छा लगता."

हे मी पूर्ण शुद्धीत बोलले. बोलता बोलता तिच्या कपात चहा ओतला, आणि एक थेंबही बशीत सांडला नाही.