साहेबाला दिसलं, मला चढली

चौकशीच्या खोलीत कॅप्टनसाहेबांना खुर्ची दिली, चहा दिला. मला उभं ठेवलं. आम्ही दोघांनी सरहद्दीवरच्या एकाच चौकीवरून, एकाच वेळी, एकच गोष्ट पाहिली होती. दिवस मावळत होता. समोरच्या डोंगरामागून एक नारिंगी उजेड वर आला, थांबला, कसलाही आवाज न करता सरळ वर गेला आणि दिसेनासा झाला. वायरलेसवर खबर साहेबांनीच दिली. मी शेजारी होतो.

चौकशीला आलेल्या मोठ्या साहेबांनी कॅप्टनला विचारलं, "आपने क्या देखा?"

मग माझ्याकडे वळले. "तूने क्या पिया था?"

मी पीत नाही, असं सांगितलं. त्यांनी माझे कागद चाळले, घरचा धंदा वाचला. "भेड़ चराने वाला. आसमान ताकने की आदत होगी."

सगळी खोली हसली. कॅप्टनसाहेब हसले नाहीत, कपात बघत बसले. त्यांचं ते कपात बघणं मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. घनसावंगीकडच्या रानारानांत खतासाठी मेंढरं बसवून आईबापांनी मला वाढवलं. तो गुन्हा असतो, हे मला फौजेत इतकी वर्षं काढल्यावर कळलं.

कॅप्टनसाहेबांचा जबाब जसाच्या तसा वर गेला. माझा लिहूनच घेतला नाही. मला लष्करी दवाखान्यातल्या वेड्यांच्या वॉर्डात पाठवलं. तिथे आधी पायजम्याची नाडी काढून घेतात. माणूस गळफास घेईल म्हणून. मी डॉक्टरपुढे एका हाताने पायजमा धरून उभा राहायचो. सावधान होता येत नव्हतं. जेवायला जाताना एका हातात ताट, दुसऱ्या हातात पायजमा. लाज वाटायची. नंतर लाज सरली आणि राग उरला.

एक दिवस कॅप्टनसाहेब सफरचंदं घेऊन भेटायला आले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "बोल दे, नींद में था. बात ख़तम."

"आप भी बोल दीजिए, सर."

त्यांनी सफरचंदं खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "मेरी बात अलग है."

तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उजेड एकच होता, पण बघायचा हक्क त्यांचा होता. मला नुसते डोळे होते.

"मैंने देखा है, सर. झूठ नहीं बोलूँगा."

मग डॉक्टरांचं बोर्ड बसलं. मुदतीआधीच मला घरी पाठवलं. कागदावर लिहिलं, भ्रम. आता जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या गेटवर उभा असतो. ड्रायव्हर लोक मला तबकडी म्हणतात.

यंदा मुलीला बघायला अंबडहून पाहुणे आले. मेहुण्याने मला घरामागे ओढलं. "दाजी, इचारलंच तर सांगा, पिऊन व्हतो. पिनारा फौजी चालतो. येडा चालत न्हाई."

मेहुणा चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडे तसंच आहे. पोरीसाठी माझा जीव तुटत होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

पोहे खाता खाता मुलाचा चुलता म्हणाला, "फौजी, लवकर घरी आल्ते म्हनं तुम्ही. चढल्ती का काय?"

मी म्हणालो, "पीत न्हाई मी. येडाबी न्हाई. आभाळात उजेड पाह्यला. काय व्हता, ते आजबी ठाव न्हाई. पाह्यला म्हनलो म्हून घरी आलो."

पाहुणे पोहे अर्धे ठेवून उठले. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. मेहुण्याने येणं बंद केलं. मुलगी एवढंच बोलली, "आबा, तुमचं खरंच असंल. पर ह्यात माझं काय चुकलं?"

 तिच्यापुढे माझी मान खाली जाते. बाकी कुणापुढे जाणार नाही.

कागदावरचा तो भ्रमाचा शिक्का काढा म्हणून मी वर अर्ज केला. तिकडून निरोप आला, 'आता भ्रम गेला' असं लिहून द्या, लगेच काढतो. म्हणजे येडा होतो हे मीच कबूल करायचं. नाही करणार. आधी माझा जबाब लिहून घ्या, मग शिक्क्याचं बोलू. तोवर पोरीला बघायला जे येतील, त्यांना मीच पुढे होऊन सांगणार. मी पाहिलंय.