काचेच्या कपाटातलं दांडकं

आमच्या गावाच्या वेशीवर मैनाचा फलक आहे. हातात दांडकं, डोक्यावर पदर आणि खाली ठळक अक्षरांत ‘गावाची वाघीण’. शेजारी सरपंच हिरामण यांचाही फोटो आहे, तिच्यापेक्षा अंमळ मोठा. फलकाखालून जाताना मैना मान वर करत नाही. लोक म्हणतात, लाजाळू आहे. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहतो. तिला त्या फलकाची भीती वाटते.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे, कादवेच्या काठाला आमचं गाव. द्राक्षबागा आणि मधूनमधून ऊस, म्हणजे बिबट्याला लपायला आयतीच सोय. गेल्या उन्हाळ्यात तिन्हीसांजेला मैनाची सासू परसात भांडी घासत होती. ओरडणं ऐकून मैना धावली, तर पिवळट काहीतरी म्हातारीच्या खांद्याला लोंबतंय. तिने दांडकं उचललं आणि हाणायला सुरुवात केली, तोंडाने केरूतात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. कारण केरूतात्यांचं कुत्रं तसंच पिवळं, धिप्पाड आणि कोंबड्या पळवण्यात पटाईत. जनावराने म्हातारीला सोडलं, मान वळवली, आणि तेव्हा मैनाला ठिपके दिसले. ते उसात शिरलं. ही तिथेच मटकन बसली आणि आठवडाभर तापाने फणफणली.

ताप उतरायच्या आत ती प्रसिद्ध झाली होती. केरूतात्यांच्या वाल्मीकने तिच्या हातात दांडकं देऊन व्हिडिओ काढला आणि टाकला, तो कुठल्या कुठे गेला. वार्ताहर आले, सत्कार झाले, सत्काराचे नारळ खांद्याला पट्टी बांधलेली सासू वाटून वाटून दमली. दांडकं ग्रामपंचायतीने मागून नेलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. मैना ज्याला त्याला खरं तेच सांगायची, “मला तात्यांचं कुत्रं वाटलं वो.” लोक पोट धरून हसायचे. काय साधी बाई, म्हणायचे, एवढं करून गर्व म्हणून नाही!

मग गावाला तिची सवयच लागली. बायका गवताला निघाल्या की आधी मैनाला हाक. उसाला पाणी भरायला निघालेले बाप्ये तिच्या दारात उभे, “नुसती बांधावर बसून ऱ्हा, मैनाबाई.” तिचा नवरा सोमनाथ टेम्पो चालवतो, घरी कमीच असतो. एकदा त्याने नाही म्हटलं, तर ‘बायकोचं नाव झालेलं याला बघवत नाय’ असं ऐकून घ्यावं लागलं. अशा गावाला काय म्हणावं?

दिवाळीनंतर ओढ्याच्या चिखलात पुन्हा ठसे उमटले. वनखात्याची माणसं म्हणाली, पिंजरा लावू. ग्रामसभेत हिरामण उठले, “पिंजरा शेजारच्या गावाला द्या. आमच्याकडं मैनाबाई हाय!” टाळ्या पडल्या. मैना उभी राहिली. “पिंजरा लावा. मला लय भ्या वाटतं,” म्हणाली. टाळ्या दुप्पट झाल्या.

त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. “भाऊ, तवा ते कुत्रं हुतं, म्हणून हात उचलला,” ती म्हणाली. “आता मला म्हाईत हाय ते काय हाय. आता नाय उचलायचा.” मला फार वाईट वाटलं.

परवा दिवस कलताना आरडाओरड झाली. केरूतात्यांच्या गोठ्यात बिबट्या शिरला होता आणि वाल्मीकने बाहेरून कडी घातली होती. वनखात्याला फोन गेला होता, माणसं निघाली होती. थांबायचं, एवढंच काम. पण आत कालवड हंबरत होती आणि तात्यांना धीर निघेना. सगळा जमाव गोठ्याकडे पाठ करून मैनाच्या दाराकडे धावला. कुणीतरी कपाट उघडून दांडकंही आणलं.

म्हातारीने सुनेचा पदर धरला. अख्ख्या गावात ते दात फक्त तिच्याच खांद्याला माहीत होते. “नगं जाऊ गं, माझे बाय,” ती रडत म्हणत होती. चौघींनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी मधे पडलो, “अरे, मरंल ती!” मला मागे ढकललं. सोमनाथला फोन लावला, तो उचलेना.

मैनाच्या हातात दांडकं दिलं आणि जमाव तिला घेऊन गोठ्यापर्यंत आला. दारापासून वीसेक हातांवर सगळे थांबले, ती एकटी पुढे राहिली. वाल्मीकने मोबाइल उंच धरला. आतली कालवड एकाएकी गप्प झाली.

मैना मागे वळली. “केरूतात्या,” तिने विचारलं, “तुमचं कुत्रं कुठं हाय वो?”

तात्यांनी खाली पाहिलं. शेपूट पोटाशी घेऊन ते त्यांच्याच पायांना चिकटून बसलं होतं. मैनालाही ते दिसलं.

“मैनाबाई,” वाल्मीक म्हणाला, “जरा हिकडं बघा.”