हमीदभाईंचं बोट

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी धरली, तेव्हा माझ्या मांडीवर मुग्धाच्या यंत्राची पेटी होती. माझी ही मैत्रीण बोटाने जोर लावताना मेंदूत विजेची काय हालचाल होते, याचा अभ्यास करते. मी नुसती हमाल. खिडकीबाहेर ऊस, डाळिंबाच्या बागा, पुन्हा ऊस. पाणी नेमकं कुणाच्या वाट्याला येतं यावर मी भाषण सुरू केलं, तर शेजारच्या आजींनी हातावर भाजक्या शेंगा ठेवल्या. भाषण तिथेच संपलं.

इंदापुरात हमीदभाईंच्या घरी गेलो. शिवणकाम करणारा माणूस. अर्धांगवायूनंतर उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट हलत नव्हतं.

"ह्यांच्या मनातच न्हाय," जुबेदाभाभींनी चहाआधीच गाऱ्हाणं मांडलं. "आयतं खायची सवय लागलीया."

हमीदभाईंनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर ओढून घेतला. आजारी माणसाला आळशी ठरवणं मला सहन होत नाही. मी तोंड उघडणार, तोच मुग्धाने माझा पाय दाबला.

तिने तारांची टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. यंत्राच्या पडद्यावर नुसता रेघांचा गोंधळ.

"भाभी, केस धुवायला सांगितलं होतं ना?"

"धुतलं की! मग तेल चोपडलं. पावण्यांम्होरं कोरड्या डोक्यानं बसवू व्हय?"

तेलामुळे तारांना कातडीचा स्पर्शच मिळत नव्हता. मग मोरीत बसवून भाभींनी शिकेकाईने नवऱ्याचं डोकं खसाखसा चोळलं. "डोळं मिटा, न्हायतर झोंबलं म्हणून माझ्याच नावानं वरडाल!"

हमीदभाई पहिल्यांदा हसले.

आता रेघा स्वच्छ आल्या. ते स्वस्थ बसले की डोक्याच्या डाव्या बाजूला एक लय चाले. "दाबा" म्हटलं की ती मंदावे. बोट मात्र जोर मोजणाऱ्या बटणावर तसंच पडलेलं. पुन्हा पुन्हा हेच.

"बोट बरं होईल का, हे यातून कळत नाही," मुग्धा म्हणाली. "पण उजवा हात हलवायचा प्रयत्न केला की डावीकडची ही लय मंदावते. ते जोर लावताहेत, भाभी. मनापासून."

"मी टोचून बोलायची, तवाबी लावायचे जोर?"

"तवाबी," हमीदभाई म्हणाले.

भाभी आत गेल्या. बऱ्याच वेळाने भाकरी आणि मटणाचा रस्सा घेऊन आल्या. आमची ताटं वाढून नवऱ्याशेजारी बसल्या, त्याचं बोट स्वतःच्या तळहातावर ठेवलं.

"दाबा. न्हाय हाललं तरी दाबा. मी हितंच हाय."

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले; दुसऱ्याची चूक दाखवणं मला चांगलं जमतं. परक्या मुलींसमोर स्वतःची चूक इतक्या सरळ मान्य करणारं माणूस मात्र प्रथमच पाहिलं, आणि त्याच माणसाने आम्हाला आग्रह करून जेवू घातलं. परतीच्या एसटीत पुन्हा ऊस दिसला, पण मी भाषण काढलं नाही. मुग्धाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून. फार बरं वाटत होतं.